सशाचं पिल्लू आणलं आणि मोठी मादी अंगावर धावली: आता पुढे काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात फ्लॅटमध्ये तुमच्याकडे जाई ही अडीच वर्षांची पांढरी सशाची मादी आहे, नसबंदी झालेली नाही, आजवर एकटीच वाढली. तिला सोबत हवी म्हणून गेल्या आठवड्यात सात आठवड्यांचं पिल्लू आणलंत, नाव लाडू, दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे नर. हॉलमध्ये समोरासमोर सोडल्याबरोबर जाईने झडप घातली आणि पिल्लाच्या पाठीवरचे केस उपटले. आता घरात दोन तट पडलेत. सासूबाई म्हणतात पिल्लू परत द्या. यजमान म्हणतात, लहान आहे तोवरच रोज थोडा वेळ एकत्र सोडू, सवय होऊन जाईल.

मला दोन्ही पटत नाही. पिल्लू परत देऊ नका आणि एकत्रही सोडू नका. दोघं एकमेकांना दिसतील, वास घेतील, पण दात पोचणार नाहीत अशा बेताने शेजारी शेजारी ठेवा. दोघांची नसबंदी होऊन अंगातले हार्मोन उतरू द्या. खरी भेट जूनमध्ये, पाऊस लागल्यावर. आता फेब्रुवारी संपतोय, म्हणजे चार महिने, हे ऐकून तुम्ही हबकला असाल. पण हे चार महिने नुसते वाट बघण्याचे नाहीत, त्यात करायला भरपूर आहे.

आधी आजचं काम. लाडूच्या पाठीवर, मानेवर आणि शेपटीखाली केस उलटे फिरवून कातडी बघा. ओलसर जागा, खपली, टोचल्याचा बारीक ठिपका दिसला तर आजच डॉक्टर गाठा. सशाची कातडी पातळ असते आणि दात खोल जातो. वरून जखम बुजते, आत गळू धरतं. सशाचा पू खव्यासारखा घट्ट असतो, आपोआप वाहून जात नाही, मग ऑपरेशन करून गाठच काढावी लागते. नुसते केस गेले असतील तर काळजी नको, ते येतील. जेमतेम अर्ध्या किलोच्या पिल्लाला दातांहून मोठा धोका मागच्या पायांच्या लाथेचा असतो. सशाचा सांगाडा शरीराच्या वजनाच्या सात-आठ टक्केच भरतो, मांजराचा बारा-तेरा. एवढ्या हलक्या हाडांवर मोठ्या सशाची लाथ बसली, किंवा घाबरून पळताना पिल्लू वेडंवाकडं आपटलं, तर कणा मोडू शकतो. म्हणून ‘थोडा वेळ सोडू, काही झालं तर उचलू’ हा बेत मला मान्य नाही. जे व्हायचं ते तुमचा हात पोचायच्या आत होतं.

जाईचं काय चुकलं, तर काहीच नाही. ससा कळपातला प्राणी आहे म्हणून त्याला कुणीही दुसरा ससा चालतो, असा आपला सोयीचा समज असतो. आपले पाळीव ससे ज्या युरोपीय रानसशापासून आले, तो जमिनीत बिळं खणून टोळीने राहतो, पण त्या टोळीत प्रत्येकाची पायरी ठरलेली असते. जर्मनीत बायरॉइट विद्यापीठात डिट्रिश फॉन होल्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा टोळ्या वर्षानुवर्षं अभ्यासल्या. त्यांना दिसलं की नरांची उतरंड वेगळी असते आणि माद्यांची वेगळी. माद्यांची भांडणं बहुतेक बिळाच्या जागेवरून. परक्या पिल्लांना मादी हुसकावते, चावते, प्रसंगी मारूनही टाकते. तुमचा हॉल जाईच्या दृष्टीने तिचं बीळ आहे. सोफ्याच्या पायाला, टीव्हीच्या टेबलाला ती हनुवटी घासत फिरते ना? तिथल्या ग्रंथीचा वास लावून ती जागा आपल्या नावावर करत असते. त्या जागेत दुकानातल्या पिंजऱ्याचा वास घेऊन आलेलं पिल्लू तुम्ही नेऊन ठेवलंत. शिवाय आईपासून लवकर तुटलेलं पिल्लू हमखास एक गोष्ट करतं: मोठा ससा दिसला की दूध शोधत थेट त्याच्या पोटाखाली घुसतं. आपल्याला ते गोड वाटतं, मादीला मुळीच नाही.

यजमानांच्या मताबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण ते अगदीच निराधार नाही आणि बहुतेक घरं तिथेच फसतात. पुष्कळ मोठे ससे लहान पिल्लाला खरंच सोडून देतात. दोन महिन्यांच्या पिल्लाच्या अंगाला प्रौढ सशाचा वास नसतो, त्याच्याकडून पायरीला धोका नसतो, म्हणून त्याला मोकळीक मिळते. घरचे खूश होतात, फोटो निघतात, पिंजरा एक होतो. मग साडेतीन-चार महिन्यांचं झालं की पिल्लाच्या अंगात हार्मोन येतात. ते मोठ्याच्या अंगावर चढायला लागतं, मुताचे फवारे मारतं, कोपऱ्याकोपऱ्यात लेंड्या टाकून हद्द आखतं. कालपर्यंत एकमेकांना चाटणारे दोघं एका रात्रीत केसांचा गुंडाळा होऊन लोळताना सापडतात. माझ्याकडे भांडून रक्तबंबाळ झालेले जे ससे येतात, त्यांतले बरेच असे ‘लहानपणापासून एकत्र वाढलेले’ असतात. आणि एकदा असं जबर भांडण झालं की ते विसरायला सशाला फार वेळ लागतो. पुढची जोडणी कोऱ्या पाटीवरून होत नाही, वजाबाकीतून होते. जाईने पहिल्याच दिवशी नापसंती दाखवली हे मला एका अर्थी बरंच वाटलं. निदान तुम्ही गाफील राहिला नाहीत.

दुसरं कारण साधं गणिताचं. लाडू खरंच नर असेल तर साडेतीन-चार महिन्यांचा झाला की तो बाप होऊ शकतो. सशाच्या मादीला ठरावीक ऋतू नसतो, संबंध आला की त्याच्या परिणामाने बीज सुटतं. संबंध काही सेकंदांत उरकतो, तुम्ही चहा गाळेपर्यंत. साधारण ३१ दिवसांनी पिल्लं, आणि व्याल्यावर त्याच दिवशी पुन्हा गाभण राहण्याची ताकद. सोबत आणायला गेलात आणि सहा पिल्लांना घरं शोधत बसलात, असं व्हायला नको.

आता पहिले दोन-तीन आठवडे. या काळात लाडू वेगळ्या खोलीत. जाईपासून त्याला वाचवायचं आहेच, पण त्याच्याकडून जाईला काही लागू नये म्हणूनही. दुकानातून आलेल्या पिल्लांबरोबर खरूज आणि कानातले किडे वारंवार येतात. नाकाच्या शेंड्यावर, कानाच्या कडेला, नखांच्या मुळाशी करडी-पांढरी खपली, कानात तपकिरी पापुद्रे, सारखं डोकं झटकणं, हे बघत राहा. उपाय सोपा आहे, डॉक्टर वजनावर मोजून इंजेक्शन देतात. पण कुत्र्यामांजरांच्या पिसवांवरचा फिप्रोनिलचा स्प्रे किंवा थेंब सशावर कधीही वापरू नका, ससा मरतो. तसंच घरात पडलेलं अमॉक्सिसिलिन तोंडाने देऊ नका. पोटातले उपयोगी जिवाणू मरून जुलाब लागतात आणि त्यातून ससा वाचणं कठीण. रोज आधी जाईचं सगळं आवरायचं, मग लाडूचं, आणि हात धुवायचे. दोघांचे ब्रश, भांडी वेगळी.

या वयाच्या पिल्लाचं पोट फार नाजूक असतं. आईचं दूध सुटून गवतावर येण्याचा हा काळ, आणि बाजारात पिल्लं आठ आठवडे पुरे व्हायच्या आतच विकली जातात. कॉक्सिडिया नावाचे परजीवी याच वेळी डोकं वर काढतात. पातळ जुलाब दिसला, किंवा दहा-बारा तास काही खाल्लं नाही, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. दुकानात जे पेलेट (गोळ्यांचं सुकं खाद्य) खात होता तेच सुरू ठेवून दहा-बारा दिवसांत हळूहळू बदला. सुकं गवत मात्र चोवीस तास समोर हवं. बिस्किट, पोळी, भिजवलेले हरभरे, पाहुण्यांनी कौतुकाने दिलेला गाजराचा तुकडा, सगळं बंद. वाढत्या पिल्लाला लसूणघास चालतो, जाईला तो रोज नको; त्यात कॅल्शियम फार, मोठ्या सशाच्या मूत्राशयात त्याचा गाळ साठतो. आपल्याकडे लसूणघास सहज मिळतो म्हणून सरसकट सगळ्यांना तोच घातला जातो. जाईला हरळी, मारवेल असं साधं गवत द्या. लाडू सहा महिन्यांचा होईल तेव्हा तोही त्यावर येईल. एकत्र राहायची वेळही तीच आहे, त्यामुळे तेव्हा दोन पानं मांडावी लागणार नाहीत.

लाडूला पहिल्यांदा दवाखान्यात न्याल तेव्हाच डॉक्टरांना त्याचं लिंग तपासायला सांगा, आणि तो दहा-बारा आठवड्यांचा झाला की पुन्हा एकदा. दुकानदाराच्या ‘नर’ला मी काही किंमत देत नाही. इतक्या लहान पिल्लात फरक ओळखणं सरावलेल्या हातालाही चकवतं. नर मादी जोडी सगळ्यांत सोपी जमते. लाडूची लाडी निघाली तर दोन माद्या. जमतं, पण वेळ जास्त लागतो आणि धुसफुस जास्त होते. शिवाय मादीची नसबंदी पाच-सहा महिन्यांच्या आत सहसा करत नाहीत, म्हणजे दोघींची भेट जूनमधून गणपतीचे ढोल आणि दिवाळीचे फटाके यांच्या मधल्या काळात सरकेल.

जाईची नसबंदी मात्र मार्चमध्येच उरका, ऊन चढायच्या आत. ती फक्त लाडूसाठी करायची नाही. नसबंदी न झालेल्या माद्यांमध्ये चार वर्षांपुढे गर्भाशयाचा कॅन्सर इतका आढळतो की मी तरी हे ऑपरेशन सोबती आणायचा नसला तरी सुचवते. शिवाय खोटं गाभणपण. शेजारी नर आला की काही माद्यांना ते येतं: छातीचे केस उपटून घरटं करतात, गवताच्या काड्या तोंडात धरून फिरतात, आणि दोन-अडीच आठवडे जवळ येणाऱ्याला चावतात. त्या भरात जोडणीचा विचारही करता येत नाही.

डॉक्टर निवडताना एक प्रश्न विचारा: ऑपरेशनआधी उपाशी ठेवायचं का? ‘रात्रीपासून काही देऊ नका’ असं उत्तर आलं तर नम्रपणे दुसरा दवाखाना शोधा. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे कुत्र्यामांजरांना लावलेला उपाशी ठेवण्याचा नियम त्याला लागू नाही. उलट रिकामं पोट राहिलं की आतडं थबकतं. सशांची ऑपरेशनं नेहमी करणारे डॉक्टर, वेदनाशामक देणारे, आणि ससा खायला लागल्याशिवाय घरी न सोडणारे, एवढं बघा. नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे, चौकशीला तिथून सुरुवात करता येईल. लाडूचे अंडकोष उतरले की, साधारण साडेतीन महिन्यांच्या आसपास, त्याचं ऑपरेशन करता येतं. मात्र एक पक्कं लक्षात ठेवा: नसबंदीनंतरही नर चार ते सहा आठवडे पिल्लं देऊ शकतो. टाके सुकले म्हणून गैरसमज नको. एप्रिलच्या मध्याला लाडूचं ऑपरेशन धरलं तर मेअखेरीस तो निर्धोक होतो, आणि मे महिन्यात तुमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो. तिशीच्या वर सशाला त्रास सुरू होतो, त्याला घाम येत नाही, उष्णता निघते ती मुख्यतः कानांवाटे. त्यात पळापळ आणि भीती यांची भर घालायची नाही. म्हणून जून.

मधल्या काळात शेजार. वेगळं ठेवण्याची मुदत संपली, लाडू ठणठणीत आहे असं डॉक्टर म्हणाले, की त्याचा पिंजरा किंवा कुंपण जाईच्या शेजारी आणा. शेजारी म्हणजे खेटून नव्हे. दोन जाळ्या हव्यात आणि दोन्हींमध्ये वीतभर अंतर. एकाच जाळीला दोन बाजूंनी दोन ससे असले की नाकं आणि पायांची बोटं तुटतात, नाकपुडी फाटलेले ससे मी शिवलेत. जाळीची भोकं मोठी नकोत. लाडू वयात येऊ लागला की विशेष जपा, मोठ्या भोकांच्या जाळीतूनही संबंध आल्याची उदाहरणं आहेत. तळाला तारेची जाळी नको, पायाला जखमा होतात. सतरंजी किंवा जुनं पायपुसणं घाला. कूलर लावाल तेव्हा त्याचा दमट वारा गवताच्या ढिगावर येणार नाही असं बघा, नागपूरच्या उन्हाळ्यात बुरशी गवताला तिथूनच लागते.

मग वासाची देवाणघेवाण. दोघांचे लिटर ट्रे (शी-शूचे ट्रे) एक दिवसाआड अदलाबदल करायचे, लाडूच्या लेंड्या जाईकडे, जाईच्या लाडूकडे. पहिले काही दिवस जाई रागाने पाय आपटेल, त्याच ट्रेवर भरपूर लेंड्या टाकून आपला शिक्का मारेल. मारू द्या. हळूहळू ती वास घेईल आणि गवत खायला वळेल. तसं दिसलं की जागाच बदला: ती त्याच्या घरात, तो तिच्या घरात, काही तासांसाठी. पालेभाजीची रोजची जुडी, कोथिंबीर म्हणा, मेथीची थोडी पानं म्हणा, दोघांना एकाच वेळी, जाळीजवळ द्या. सुरुवातीला जाई पान ओढून लांब नेईल. ती जाळीशी बसून खायला लागणं ही पहिली खरी खूण. दुसरी खूण झोपेची. दुपारी दोघं आपापल्या बाजूने जाळीला पाठ किंवा कूस लावून आडवी होतात का? पाठ दिली म्हणजे भीती गेली. नसबंदीनंतर महिना उलटला तरी जाई जाळीवर धडका मारत असेल, शेपटी वर, कान मागे चिकटलेले, तर जून असला तरी थांबा. कॅलेंडरपेक्षा तिचे कान जास्त खरं सांगतात.

या महिन्यांत लाडूला एकटेपणा येऊ देऊ नका. तो लहान आहे, त्याला रोज बाहेर खेळायला सोडा (जाई आत असताना), जवळ जमिनीवर बसा, खोकी, कागदाच्या नळ्या द्या.

भेटीची जागा. हॉल नको, बेडरूम नको, जिथे जाईने आयुष्यात हनुवटी घासलेली नाही अशी जागा. कोरडं, मोठं बाथरूम चालतं, शेजाऱ्यांची रिकामी खोली उत्तम. साधारण दोन मीटर बाय दोन मीटर पुरते. फार मोठी असली की पाठलाग रंगतो, फार लहान असली की सुटायला वाट उरत नाही. फरशीवर सतरंजी अंथरा, घसरणारा ससा घाबरतो आणि घाबरलेला चावतो. मध्ये गवताचा मोठा ढीग. दोन खोकी ठेवा, प्रत्येकाला दोन दारं. एकच दार असलेल्या खोक्यात पिल्लू कोंडलं जातं. हातात जाड मोजे आणि बाजूला केराची सुपली किंवा जाड पुठ्ठा. भांडणात मध्ये घालायचा तो पुठ्ठा, हात नाही. वेळ सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, ससे तेव्हाच जागे असतात. तुम्ही दोघंच असा. मुलं, पाहुणे, मोबाइलवर शूटिंग, काही नको.

सोडल्यावर काय दिसेल ते सांगते. बहुधा पहिलं मिनिट काहीच होणार नाही. मग जाई मान लांब करून, मागचे पाय मागेच ठेवून, लाडूच्या शेपटीचा वास घेईल. लाडू एकतर दगड होईल किंवा पळेल. पळाला तर ती चार उड्या मागे जाईल. इथे तुमचा हात शिवशिवेल, तो आवरा. पाठलाग थांबतो का, हे बघायचं. खोक्याला वळसा घालून ती थांबली आणि गवत ओढायला लागली, तर झालं ते बरंच झालं. पुन्हा पुन्हा, न थांबता पाठलाग होत असेल तर मध्ये पुठ्ठा. ती त्याच्या पाठीवर चढेल. हा पायरी ठरवण्याचा प्रकार आहे, मादीही करते, नसबंदी झालेलीही करते. दहा-पंधरा सेकंद होऊ द्या, लाडू खाली दबून राहिला तर उत्तमच. पण उलट्या बाजूने, डोक्यावर चढली तर लगेच उतरवा. खाली असलेल्याच्या तोंडाशी नेमका नाजूक भाग येतो आणि तो चावा फार वाईट लागतो. थोडे केस उडतील. शेपट्या ताठ, कान मागे, दोघं एकमेकांभोवती वेगाने गोल फिरायला लागले, घशातून गुरगुर आली, की पुढच्या क्षणी गुंडाळा होणार. टाळी वाजवा, पुठ्ठा घाला, भेट संपवा.

लोकांना सगळ्यात आवडणारं दृश्य म्हणजे चाटणं. मला त्याआधीचं एक दृश्य जास्त आवडतं: दोघं एकमेकांकडे पाठ करून आपापलं तोंड धुताहेत. ज्याला धोका वाटतो तो ससा डोळे मिटून कान ओढत बसत नाही. नंतर केव्हातरी एकजण पुढे येऊन डोकं जमिनीला टेकवून थांबेल. म्हणजे ‘मला चाट’. कधी दोघंही टेकवतात आणि कोणीच चाटत नाही, बराच वेळ तसेच बसून राहतात. मध्ये पडू नका, ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.

शांत बसलेल्या लाडूकडे मात्र संशयाने बघा. डोळे विस्फारलेले, नाकपुड्या भराभर हलताहेत किंवा अगदीच थांबल्यात, अंग चेपून घेतलंय, गवताला तोंड लावत नाही, हे जमणं नव्हे, ही दहशत. असा ससा भांडत नाही म्हणून माणसं ‘जमलं हो’ म्हणतात, आणि दोन दिवसांनी त्याचं आतडं थांबतं. भेटीनंतर त्याने खाल्लं का, लेंड्या नेहमीएवढ्या आहेत का, हे दरवेळी तपासा.

पहिली भेट पंधरा-वीस मिनिटांची, आणि सगळं ठीक असताना संपवलेली. रोज एक. हळूहळू वाढवत तासावर, मग दोन-तीन तासांवर. दुसरी एक पद्धत आहे: एकदा सोडलं की वेगळं करायचंच नाही, दिवसरात्र पहारा ठेवायचा. ती वाईट नाही, अनुभवी माणसं तीच पसंत करतात. पण नवख्या घरात रात्री तीन वाजता कुणाचा तरी डोळा लागतो, म्हणून तुम्हाला मी पहिलीच सांगेन. तीन-चार तास सलग कुरबूर न होता जाऊ लागले की मग सलग सुट्टीचे दोन-तीन दिवस निवडा आणि त्या तटस्थ जागेतच मुक्काम करू द्या, तुम्ही जवळ झोपा. दोन रात्री सुरळीत गेल्या की घरी. त्याआधी जाईची जुनी जागा पाण्यात व्हिनेगर घालून पुसून काढा, सामान हलवा, ट्रे नवा, पाण्याची भांडी दोन, गवताच्या जागा दोन. घरी आल्यावर पहिल्या दिवशी जाई पुन्हा तोरा दाखवेल. जागा आधी थोडी द्या, दर दोन-तीन दिवसांनी वाढवा. सगळं घर एकदम मोकळं केलं की जुन्या हद्दी आठवतात.

इंटरनेटवरच्या युक्त्यांबद्दलही तुम्ही विचारलंय. दोघांना एका खोक्यात घालून गाडीतून फिरवायचं, म्हणजे घाबरून एकमेकांना बिलगतात: बिलगतात खरे, भीतीने. त्यावर मैत्री टिकलेली मी फार पाहिली नाही, आणि नागपूरच्या उन्हात तर नकोच. दोघांच्या नाकाला व्हॅनिला इसेन्स लावणं: सशाची दुनिया वासावर चालते, ती बंद करून ओळख कशी होणार? आंघोळ घालून वास घालवणं: सशाला आंघोळ घालायचीच नसते, धक्क्याने मरतात.

आणि नाहीच जमलं तर? सप्टेंबरपर्यंत प्रयत्न करूनही प्रत्येक भेट गुंडाळ्यावर संपत असेल, तर दोन जाळ्यांचा शेजार कायमचा ठेवा. एकमेकांना बघत, जाळीपाशी आडवे होत ससे चांगले जगतात. एकट्याने राहण्यापेक्षा ते पुष्कळ बरं. म्हणून सासूबाईंना सांगा, दोन्ही शक्यतांमध्ये लाडू घरातच राहतो. फक्त दोघांनाही फिरायला पुरेशी, वेगवेगळ्या वेळची मोकळी जागा मिळेल, एवढी तयारी आत्तापासून ठेवा.

जमल्यावरची एक गोष्ट, जी पुष्कळ जण चुकवतात. पुढे कधी एकाला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर दोघांना न्या, एकाच पिंजऱ्यातून. एकटा गेलेला ससा परत येतो तो औषधांचा, परक्या प्राण्यांचा वास घेऊन, आणि घरातला त्याला ओळखत नाही. दोन वर्षांची जोडी अशा एका फेरीने मोडते. ऑपरेशनसाठी एकालाच ठेवून घ्यावं लागलं तर त्याच्याजवळ दुसऱ्याच्या ट्रेमधलं मूठभर गवत ठेवा आणि घरी आणल्यावर आधी जाळीपलीकडून भेटवा.

लाडूच्या जखमेचं काय दिसतं ते आज बघून कळवा.